सूक्ष्मयंत्रे, नवी द्रव्ये आणि जालना

गार पाण्याचा घोट घेताच दातांतून कळ उठते, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. दाताच्या वरच्या आवरणाची झीज झाली की आतील थरातल्या असंख्य सूक्ष्म नलिका उघड्या पडतात आणि त्यांच्यावाटे थंडीची जाणीव थेट मज्जातंतूपर्यंत पोचते. या नलिका आतून बुजविणारे कण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी आणि तेथेच जन्मास आलेल्या थेरानॉटिलस या कंपनीने तयार केले असून त्यांचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. एकेका कणाचा आकार सुमारे 400 नॅनोमीटर. म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे दोनशे कण सहज शेजारी-शेजारी मावतील. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की हे कण नलिकांमध्ये 300 ते 500 मायक्रोमीटर आत शिरतात आणि तेथे एकमेकांना धरून सिमेंटसारखे घट्ट बूच तयार करतात. काढलेल्या मानवी दातांवर आणि उंदरांवर हा प्रयोग यशस्वी झाला. माणसांवर तो सर्रास वापरण्यास अद्याप अवकाश आहे.

या कणांना ‘रोबो’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, आणि त्या शब्दानेच सामान्य वाचकाची दिशाभूल होते. त्याच्या डोळ्यांसमोर हात, पाय आणि डोके असलेले एखादे इवलेसे यंत्र उभे राहते. वस्तुतः या यंत्राला हात नाहीत, इंजिन नाही आणि मेंदू तर नाहीच. विशिष्ट घडणीच्या द्रव्याचा तो एक कण असतो. त्याला हलविणारी शक्ती शरीराबाहेर असते आणि त्याने कोठे जावे हे ठरविणारा डॉक्टरही बाहेरच बसलेला असतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रांगेत बसलेल्या किंवा मोठ्या आजारासाठी सकाळची बस पकडून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाची वाट धरणाऱ्या जालना जिल्ह्यातील माणसाला या शोधाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. कर्तव्य आहे, मात्र ते ध्यानात येण्यासाठी यंत्राकडून द्रव्याकडे वळावे लागते.

शरीरात शिरून दुरुस्ती करणाऱ्या यंत्राची कल्पना जुनी आहे. रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने 29 डिसेंबर 1959 रोजी दिलेल्या व्याख्यानात, शल्यचिकित्सकच गिळून टाकण्याची एका मित्राची विलक्षण सूचना श्रोत्यांपुढे मांडली होती. कल्पना मांडणे सोपे होते; अडचण भौतिकशास्त्राची होती. एडवर्ड पर्सेल यांनी 1977 मध्ये ती नेमकेपणाने सांगितली. इतक्या लहान आकाराच्या वस्तूला पाणीसुद्धा काकवीसारखे दाट वाटते. मासा शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे हलवून पुढे जातो; हीच हालचाल सूक्ष्म आकारात केली तर वस्तू जेवढी पुढे जाईल तेवढीच मागे येईल. जिवाणूंनी यावर उपाय शोधला तो मळसूत्राचा. त्यांची शेपटी फिरकीच्या खिळ्यासारखी फिरते आणि त्यांना पुढे रेटते. अंबरीष घोष आणि पीअर फिशर यांनी 2009 मध्ये काचेची अशीच मळसूत्री कांडी तयार केली. तिची लांबी एक-दोन मायक्रोमीटरच होती आणि तिच्यावर चुंबकीय द्रव्याचा मुलामा होता. बाहेरील चुंबकीय क्षेत्र फिरविले की कांडीही फिरते आणि इच्छित दिशेने पुढे सरकते. घोष पुढे बंगळूरच्या संस्थेत आले आणि त्या विषयाचे काम भारतात रुजले.

झुरिचच्या तंत्रविद्यापीठातील ब्रॅडली नेल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध केलेले कामही याच धाटणीचे आहे. मेंदूतील रक्ताच्या गुठळीपर्यंत औषध नेणारी एक बारीक गोळी त्यांनी तयार केली व डुकरे आणि मेंढ्या यांच्या शरीरात ती फिरवून दाखविली. ही गोळी कशाची, हे पाहिले म्हणजे विषयाचे मर्म कळते. वरचे कवच जिलेटिनचे. आत लोहाच्या ऑक्साइडचे कण, कारण त्यांच्यावर चुंबकाची पकड बसते. शिवाय टँटलम धातू, कारण तो क्ष-किरणांत ठळक दिसतो. इष्ट स्थळी पोचल्यावर चुंबकीय क्षेत्रानेच कण तापवायचे, की कवच विरघळून औषध मोकळे होते. म्हणजे या यंत्राचे दिसणे, हालणे आणि काम करणे हे सारेच त्याच्या द्रव्यांच्या गुणांत आहे. जो देश किंवा जो जिल्हा अशी द्रव्ये बनवू, तपासू आणि स्वस्त करू शकत नाही, त्याच्या वाट्याला यंत्र येईल ते केवळ बिलाच्या रूपाने.

द्रव्याने वैद्यकात केलेली क्रांती जालन्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, आणि हे अगदी शब्दशः. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. हॅरॉल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आले की, पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचे हे तुकडे डोळ्यात वर्षानुवर्षे राहिले तरी डोळा त्यांच्याविरुद्ध बंड करीत नाही. त्या निरीक्षणावरून त्यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग एका रुग्णाच्या डोळ्यात बसविले. त्यांच्या व्यवसायबंधूंनी पुढे बरीच वर्षे त्यांची संभावना बेजबाबदार माणूस म्हणून केली. भारतात तर नव्वदीच्या दशकापावेतो शिबिरांत मोतीबिंदू काढलेल्या बहुसंख्य रुग्णांच्या नाकावर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्माच येत असे. भिंग होते, पण परदेशी होते. त्याची किंमत शंभर डॉलरच्या घरात असल्याने ते गरिबाच्या डोळ्यापर्यंत पोचत नव्हते.

ते पोचले कसे, हे सांगण्यासारखे आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने 1992 मध्ये ऑरोलॅब ही संस्था काढून भिंगे स्वतःच बनविण्यास आरंभ केला आणि पाहता पाहता किंमत दहा डॉलरच्या खाली आणली. त्याच सुमारास, 1994 पासून, जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूमुळे येणाऱ्या अंधत्वाविरुद्ध मोहीम सुरू झाली. महाराष्ट्र त्यांपैकी एक. जालन्याचे श्री गणपती नेत्रालय आज मराठवाड्यातील आणि लगतच्या विदर्भातील रुग्णांना घरचे वाटते. अंबड-घनसावंगीकडची म्हातारी तेथून दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी परतते, तेव्हा डोळ्यात एक बहुवारिक म्हणजे पॉलिमर बसवून घेतल्याची तिला कल्पनाही नसते. आता तर घडी घालून दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत सरकविता येणारी आणि आत गेल्यावर आपोआप उलगडणारी भिंगे आली आहेत. ज्याला प्रगत द्रव्य म्हणतात ते याहून वेगळे नसते. पण शोध 1949 चा आणि लाभ नव्वदीनंतरचा. मधली चार दशके कोणाच्या अज्ञानामुळे गेली नाहीत. भिंग येथे बनत नव्हते, एवढ्यासाठी गेली.

दुसरा अनुभव कटू आहे आणि ताजाही. 2021 च्या उन्हाळ्यात करोनातून उठलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिसने, लोकांच्या भाषेत काळ्या बुरशीने, गाठले. त्यावरचे औषध अँफोटेरिसिन बी हे 1950 च्या दशकापासून माहीत असलेले; पण नुसते दिले तर ते मूत्रपिंडाला इजा करते. म्हणून ते स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून देतात. या पिशव्या शंभर नॅनोमीटरहूनही लहान असतात. अलेक बँगहॅम यांनी केंब्रिजजवळ 1960 च्या दशकात त्यांचा शोध लावला. औषध शरीरात नेऊन हवे तेथे उतरविणारे वाहन असे त्यांचे वर्णन केले, तर आजच्या सूक्ष्म यंत्रांच्या त्या थोरल्या बहिणीच ठरतात.

साठ किलो वजनाच्या रुग्णाला दर किलोस पाच मिलिग्रॅम या मात्रेने दिवसाला 300 मिलिग्रॅम औषध लागे; कुपी 50 मिलिग्रॅमची, म्हणजे दररोज सहा कुप्या, आणि उपचार आठवडेच्या आठवडे. त्या वेळी एका कुपीची किंमत 7,000 रुपयांच्या आसपास सांगितली जात होती. दिवसाचा खर्च चाळीस हजारांवर गेला, आणि तेवढे पैसे उभे केले तरी कुपी मिळेलच असे नव्हते. केंद्र सरकार राज्यांना कुप्यांचा कोटा ठरवून देत होते, राज्य जिल्ह्यांना देत होते, आणि डोळा काढावा लागेल की वाचेल याचा निर्णय कित्येकदा त्या वाटपावर अवलंबून राहिला. मराठवाड्यातील किती घरांनी त्या मे महिन्यात जमिनीचा तुकडा वा अंगावरचे दागिने मोडले, याची मोजदाद झालेली नाही. मेच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने याच औषधाचे स्निग्ध इमल्शन 1,200 रुपयांना बाजारात आणण्याचे जाहीर केले. ते लायपोसोमच्या तोडीचे नसले तरी एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली: औषध शेजारच्या प्रदेशात बनू लागताच आकडा खाली येतो.

यातील अधिक बोचणारी बाब निराळीच आहे. लायपोसोममधील अँफोटेरिसिन भारतात बनविण्याचे ज्ञान 2021 मध्ये नवे नव्हते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्लीचे जीवरसायनशास्त्रज्ञ बिमल कुमार बछावत यांनी त्याच्या कितीतरी आधी स्वतंत्र पद्धतीने ते औषध सिद्ध केले, रुग्णांवर तपासले, आणि फंगिसोम या नावाने ते बाजारातही आले. मूळ परदेशी औषधापेक्षा ते स्वस्त होते. असे असूनही संकट आले तेव्हा देशाची मदार मोठ्या प्रमाणावर आयातीवर आणि घाईने वाढविलेल्या उत्पादनावर राहिली. प्रयोगशाळेत मिळविलेले कौशल्य कारखान्यात आणि साठ्यात उतरविण्याकडे शांततेच्या काळात कोणाचे लक्ष नव्हते.

जालन्याकडे कारखाने नाहीत असे कोणी म्हणणार नाही. लोखंडाच्या भट्ट्या आणि सळईच्या गिरण्या यांनी या शहराला पोलादनगरी हे नाव मिळवून दिले आहे. भंगार वितळवून निघणारी सळई महाराष्ट्रभर घरे, पूल आणि धरणांच्या भिंतींत जाते. हृदयाच्या रोहिणीत बसविण्याचा स्टेंटही धातूचाच. पण बांधकामाची सळई आणि 316 एल जातीचे निष्कलंक पोलाद किंवा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू यांत केवळ किमतीचा फरक नसतो. शुद्धता, पृष्ठभाग, गंज न चढण्याची खात्री आणि प्रत्येक तुकड्यामागचा तपासणीचा कागद या साऱ्यांचा तो फरक असतो. पोलादाचे गाव आहे म्हणून उद्या येथे स्टेंट निघतील, असे भाषण करणे सोपे असले तरी त्यात अर्थ नाही. तथापि स्टेंटने दिलेला धडा येथेही लागू आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. साध्या धातूच्या स्टेंटला 7,260 रुपये आणि औषध लावलेल्या स्टेंटला 29,600 रुपये ही ती मर्यादा. त्याआधी औषधाच्या स्टेंटसाठी लाखाच्या वर रक्कम मोजणारे रुग्ण सर्रास आढळत. किंमत द्रव्याने ठरत नव्हती, हे त्या एका आदेशाने उघड झाले.

बियाण्याच्या बाबतीत जालन्याने हेच आणखी जवळून अनुभवले आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये येथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, उभी केली. एका लहान गावात संशोधन, उत्पादन आणि शेतकऱ्याचा विश्वास या तिन्ही गोष्टी एकत्र येऊ शकतात हे त्यांनी दाखविले. त्याची पावती म्हणून 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या जिल्ह्यात विज्ञान उपजत नाही, अशी खंत करणाऱ्याने हे उदाहरण विसरू नये. पण 2002 मध्ये जेव्हा बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा जनुक अमेरिकेच्या मोन्सँटोचा होता. बियाण्याच्या पाकिटाची किंमत 1,600 रुपयांच्या आसपास गेली आणि तिचा मोठा वाटा त्या जनुकाच्या स्वामित्वशुल्काचा होता. आंध्र प्रदेश सरकारने 2006 मध्ये मक्तेदारीविरोधी आयोगापुढे भांडून ती 750 रुपयांवर आणली आणि इतर राज्यांतही तोच भाव लागू झाला. कापसाच्या पाकिटात जे घडले ते औषधवाहक कणाच्या कुपीत घडणार नाही, असे मानण्यास कारण नाही. मळसूत्री कांडीवर, जिलेटिनच्या गोळीवर आणि दातातल्या सिमेंटवरही पेटंट असू शकतात, आणि शेतकऱ्याला निदान जुने बियाणे पेरण्याचा पर्याय होता. मेंदूत गुठळी झालेल्या रुग्णाला तोही नसतो.

अशा स्थितीत जालन्यात गेल्या काही वर्षांत घडलेल्या दोन घटना एकत्र पाहिल्या पाहिजेत, आणि त्या तशा पाहिल्या जात नाहीत. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने आपला मराठवाडा परिसर 2018 मध्ये येथे सुरू केला. 1933 साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून निघालेली ही संस्था रंग, बहुवारिके, तेले आणि औषधनिर्मिती यांतील अधिकारी संस्था आहे. तिच्या मुंबईतील औषधनिर्माण विभागात वंदना पत्रावळे, पद्मा देवराजन यांच्यासारख्या प्राध्यापकांनी सूक्ष्मकणांच्या साहाय्याने औषधे पोचविण्यावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. दुसरी घटना म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत जालना होते, प्रवेशक्षमता शंभर. जिल्हा म्हणून 1 मे 1981 रोजी जन्मलेल्या जालन्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यास त्रेचाळीस वर्षे लागली.

द्रव्य बनविण्याची विद्या आणि रुग्ण पाहण्याची विद्या अशा दोन्ही शाळा एकाच शहरात असणे ही महाराष्ट्राच्या फार थोड्या जिल्ह्यांच्या नशिबी आलेली गोष्ट आहे. मात्र एक उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे बघते, दुसरे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. दोघांची फाईल मंत्रालयाच्या वेगवेगळ्या मजल्यांवर फिरते. या मजल्यांमधले अंतर जालना ते मुंबई या अंतराहून अधिक भरते, असा अनुभव कोणाही कारकुनाला असेल.

ताबडतोब सूक्ष्म यंत्रमानव बनविण्याचा आग्रह धरण्यात शहाणपण नाही. आरंभ साध्या वस्तूंपासून व्हावयास हवा. भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या बहुवारिकावर किरणांचा मारा करून जखमेवर ठेवण्याचे जेल तयार केले आणि ते तंत्र उद्योगांना दिले. त्यात बहुतांश पाणीच असते. ते जखमेला थंड ठेवते, चिकटत नाही आणि काढताना नवी कातडी ओरबाडत नाही. ज्या शहरात दिवसरात्र भट्ट्या पेटलेल्या असतात, तेथील कामगाराला भाजण्याची जखम नवीन नाही. असे जेल जालन्यात बनू शकते काय, किती दिवस टिकते, मराठवाड्याच्या मे महिन्यातील उष्म्यात त्याचे काय होते, साध्या मलमपट्टीपेक्षा ते खरोखर किती सरस ठरते, हे प्रश्न रसायन संस्थेच्या विद्यार्थ्याला आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यविभागाला एकत्र बसून सोडविण्याजोगे आहेत. त्यातून शरीराला सोसणारे द्रव्य कसे तपासावे याची जी शिस्त अंगी बाणेल, तीच पुढे लायपोसोमला आणि चुंबकीय कणालाही लागणार आहे.

या शिस्तीची दुसरी बाजू रुग्णाच्या हक्काची आहे. सूक्ष्मकणांची औषधे कशी तपासावीत याविषयी केंद्राने ऑक्टोबर 2019 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वैद्यकीय उपकरणांसाठी 2017 चे नियम आहेत. औषधांच्या मानवी चाचण्यांसाठी 2019 चे नियम असून त्यांत नीतिसमितीची संमती आणि इजा झाल्यास भरपाई यांची तरतूद आहे. कागद पुरेसे आहेत. पण चुंबकाने चालणारा कण काम संपल्यावर शरीराबाहेर कसा पडतो, यकृतात साचतो काय, वीस वर्षांनी त्याचे काय होते, यांची उत्तरे आज कोणत्याच प्रयोगशाळेजवळ पूर्ण नाहीत. अशा वेळी चाचणीसाठी रुग्ण कोठे शोधले जातील, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. ते तेथेच शोधले जातील जेथे रुग्ण पुष्कळ, खर्च कमी आणि संमतिपत्रकावरचा अंगठा स्वस्त असतो. नव्या महाविद्यालयाची नीतिसमिती पहिल्या दिवसापासून निर्भय असणे, तिच्यात जिल्ह्यातील एखादा शिक्षक वा वकील खरोखर प्रश्न विचारणारा असणे आणि संमतिपत्रक रुग्णाला समजेल अशा मराठीत असणे, या गोष्टींना यंत्रसामग्रीच्या खरेदीइतकेच महत्त्व आहे. तेवढे लक्ष त्यांच्याकडे दिले जाईल, अशी चिन्हे सध्याच्या चर्चेत तरी दिसत नाहीत. चर्चा आहे ती इमारतीची, खाटांची आणि रिकाम्या अध्यापकपदांची. हीही निकड खोटी नव्हे. अध्यापकच नसतील तर संशोधन कोण करणार?

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची 2024 ची पहिली तुकडी साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता आटोपून 2030 च्या सुमारास बाहेर पडेल. बंगळूरचे दातातले कण आणि झुरिचची गोळी तोपर्यंत कदाचित रुग्णांपर्यंत पोचलेली असतील. राज्य सरकारने या दोन संस्थांना एक संयुक्त प्रयोगशाळा आणि तिच्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष दिले, तर त्या शंभर विद्यार्थ्यांपैकी काहींना विद्यार्थिदशेतच द्रव्ये हाताळता येतील. पहिल्या वर्षासाठी लागणारी रक्कम शहरातील एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाहून फारशी अधिक असणार नाही, आणि येत्या अर्थसंकल्पात ती मागण्याचे काम जिल्ह्याच्या आमदारांचे आहे.